चावी हातात येईपर्यंत किती? नव्या मोटारसायकलच्या भावाबद्दल वाचकांचे प्रश्न

सणाच्या तोंडावर शोरूमच्या चकरा सुरू झाल्या की या सदराकडे येणारी पत्रंही वाढतात. या वेळच्या पत्रांमधून सोलापूर शहर आणि तालुक्यांतून आलेले काही प्रश्न निवडले आहेत. बहुतेकांची तक्रार एकच आहे : जाहिरातीत किंमत एक आणि हातात आलेल्या कागदावर दुसरीच. भाव नेमका कुठे करायचा हे न कळल्यामुळे माणूस नको तिथे घासाघीस करतो आणि हवी तिथे गप्प बसतो. खालच्या हिशेबात २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेला जीएसटी धरला आहे, म्हणजे ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींना १८ टक्के आणि त्यावरच्यांना ४० टक्के.

प्रश्न : मी यंत्रमागावर काम करतो. १२५ सीसीची गाडी रोख पैसे देऊन घ्यायची आहे, कर्ज नाही. कोटेशन असं मिळालं : एक्स-शोरूम ९२,०००, आरटीओ १२,४००, विमा ८,९००, हँडलिंग १,५००, ॲक्सेसरीज ४,८५०. एकूण १,१९,६५०. शोरूमवाले म्हणतात, किंमत कंपनीची आहे, एक रुपयाही कमी होणार नाही. मग भाव करायचा कशात? (भवानी पेठ, सोलापूर)

एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. म्हणून त्या ओळीवर वेळ घालवूच नका. त्या ओळीखाली तुमचे २७,६५० रुपये आहेत, तिथे बघा.

आधी आरटीओ. महाराष्ट्रात मोटारसायकलला एकरकमी कर इंजिनाच्या सीसीवर ठरतो : ९९ सीसीपर्यंत १० टक्के, १०० ते २९९ सीसीला ११ टक्के, ३०० आणि त्यावर १२ टक्के. (९७ सीसीच्या गाडीला म्हणूनच १० टक्के लागतात. बोलताना ती ‘शंभर सीसीची’ असली तरी कागदावर नसते.) तुमच्या गाडीचे ११ टक्के होतात १०,१२० रुपये. त्या करावर २ टक्के रस्ता सुरक्षा उपकर म्हणजे २०२. नोंदणी शुल्क ३००, स्मार्ट कार्डाचे २००. बेरीज १०,८२२, वर टपालाचे थोडे. कर्ज असतं तर बोजा चढवण्याचे आणखी ५०० लागले असते, पण तुम्ही रोखीने घेताय, म्हणजे तेही नाहीत. तुमच्याकडून १२,४०० मागितले आहेत, म्हणजे दीड हजाराहून जास्त रक्कम ‘पासिंगचा खर्च’ म्हणून वर घातली आहे. इथे वाद घालायची गरज नाही. एकच वाक्य म्हणा : “आरटीओची ऑनलाइन पावती जेवढ्याची निघेल तेवढेच या ओळीत धरा.” कर आणि शुल्क भरल्याची पावती गाडीमालकाला मिळायलाच हवी, त्यामुळे या वाक्याला उत्तर नसतं.

मग विमा. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा १ सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकारी आहे, सगळ्या कंपन्यांना सारखाच. ७५ ते १५० सीसीला ३,८५१ रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ४,५४४. तुमच्या ८,९०० मधून हे वजा केले की ४,३५६ उरतात. त्यात गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा (ओडी), मालकाचा अपघात विमा आणि जोडलेली कलमं असतात. ओडी एक वर्षाचा घेतला तरी चालतो. १५ लाखांचा अपघात विमा तुमच्याकडे आधीच वेगळा असेल तर गाडीसोबत तो पुन्हा घ्यावा लागत नाही, आणि नसला तरी पाच वर्षांऐवजी एका वर्षाचा मागता येतो. म्हणून विम्याची रक्कम एका आकड्यात ऐकून घेऊ नका, फोड मागा. झिरो डेप ठेवलेलं बरं, कारण ते नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर निम्मी घट कापून भरपाई मिळते, आणि मोटारसायकल पडली की आधी तेच भाग फुटतात. बाकीची कलमं एकेक विचारून काढा. एक आकडा मात्र पॉलिसीवर तपासाच : गाडीचं विमामूल्य, म्हणजे आयडीव्ही. कोऱ्या गाडीला ते एक्स-शोरूमच्या ९५ टक्के धरलं जातं, तुमच्या बाबतीत ८७,४००. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही खाली आणला असेल, तर गाडी चोरीला गेल्यावर तो फरक तुमच्याच खिशातून जाईल.

हँडलिंग चार्ज हा सरकारी आकार नाही. गाडी कारखान्यातून आणणं, उतरवणं, धुऊन-पुसून तयार करणं हे विक्रेत्याचं काम आहे. ही ओळ काढून टाका असं स्पष्ट सांगा. आमच्या मते या एका ओळीवर अजिबात नमतं घेऊ नये.

राहिल्या ॲक्सेसरीज. मागे बसणाऱ्याला धरायची पट्टी, पायाची जागा आणि मागचं निम्मं चाक झाकणारं साडीगार्ड हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे गाडीला असायलाच हवं. साडीगार्डचे वेगळे पैसे लावले असतील तर नियमाचा क्रमांक सांगा. खरेदीच्या वेळी आयएसआय खुणेचं हेल्मेट पुरवण्याची तरतूद नियम १३८ मध्ये आहे, त्याचंही विचारा. उच्च सुरक्षा नंबरप्लेट म्हणजे एचएसआरपी नव्या गाडीला विक्रेत्यानेच बसवून द्यायची असते. लेगगार्ड, सीट कव्हर, टाकीचं कव्हर, टेफ्लॉन कोटिंग हे सगळं ऐच्छिक आहे. लेगगार्ड घ्यावा. टेफ्लॉनचे हजार-दीड हजार सुटले तर त्यात पाण्याने धुतलेली गाडी वर्षभर मेणाने पुसता येईल.

आता पुन्हा बेरीज करू. ९२,००० अधिक आरटीओ १०,८२२. विमा ७,००० वर आला आणि ॲक्सेसरीजमध्ये १,५०० चा लेगगार्ड तेवढा ठेवला, तर गाडी १,११,३२२ ला पडते. कंपनीच्या किमतीला हात न लावता ८,३२८ रुपये वाचले. सूट मागायची ती यानंतर, या आकड्यावरून.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. शोरूममध्ये एकटीच जाणार आहे. भाव करायचा म्हटलं की मला संकोच वाटतो. नेमकं काय बोलायचं ते सांगाल का? (जुळे सोलापूर)

हो. आणि यातलं निम्मं काम शोरूममध्ये न जाताच होतं.

गाडी, व्हेरिएंट आणि रंग आधी पक्का करा. ड्रम की डिस्क, साधी चाकं की अलॉय, इतपत. मग त्याच गाडीचं कोटेशन किमान तीन ठिकाणांहून व्हॉट्सॲपवर मागवा. सोलापुरात एकाच कंपनीचे दोन मुख्य विक्रेते नसतील तर बार्शी, पंढरपूर किंवा धाराशिवच्या विक्रेत्याला विचारा. मात्र ज्याच्याशी बोलताय तो मुख्य डीलर आहे की सब-डीलर, आणि जीएसटी बिल कोणाच्या नावाने निघणार, हे विचारून घ्या. सब-डीलर गाडी मुख्य डीलरकडूनच उचलतो, त्यामुळे सूट द्यायला त्याचा हात आखडलेला असतो. उलट तालुक्याच्या गावी सर्व्हिसिंग जवळ पडतं. कोटेशन ओळीओळीने तोडलेलं हवं. “साधारण एक वीसपर्यंत जाईल मॅडम” हे कोटेशन नव्हे.

शोरूममध्ये तीन गोष्टी सांगू नका : बजेट किती, महिन्याला हप्ता किती झेपेल, आणि गाडी कोणत्या दिवशी लागणार. हप्त्याचा आकडा कळला की बोलणं किमतीवरून हप्त्यावर जातं, मुदत वाढवून हप्ता त्या आकड्यात बसवला जातो आणि गाडी महागच राहते. मुहूर्त कळला की सूट संपते.

बोलायचं ते एवढंच : “सगळं धरून, चावी हातात येईपर्यंत किती? आणि त्यात काय काय आलं ते लिहून द्या.” ते आकडा सांगतील. तुमच्याकडे दुसरीकडचं कमी कोटेशन असेल तर ते दाखवा आणि म्हणा, “एवढ्यात होत असेल तर आज बुकिंग करते.” मग थांबा. शांतता तुम्हीच मोडू नका. सेल्समनला एका मर्यादेपलीकडे सूट देण्याचा अधिकार नसतो, तो आत मॅनेजरला विचारायला जातो. तो उठून आत गेला, म्हणजे अजून जागा आहे. परत येऊन त्याने रोख सुटीऐवजी वस्तू देऊ केल्या, तर त्या वस्तूंची बाहेरच्या दुकानातली किंमत धरा, शोरूमच्या तक्त्यातली नाही.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून आणखी एक विचारा : सरकारी कर्मचारी किंवा शिक्षकांसाठी कंपनीची काही योजना चालू आहे का? ओळखपत्राची प्रत लागते. अशा योजना महिन्याने बदलतात आणि विचारल्याशिवाय सहसा सांगितल्या जात नाहीत.

प्रश्न : शोरूममधल्याच फायनान्सवाल्याने ८०,००० कर्जाला १० टक्के व्याज सांगितलं, ३६ हप्ते, हप्ता २,८८९. बँकेत १२ टक्के म्हणाले. मग शोरूमचंच स्वस्त ना? उसाचं बिल आलं की एकदम फेडायचा विचार आहे. (मोहोळ)

नाही, बँकेचं स्वस्त आहे. दोघांच्या टक्केवारीची मोजायची पद्धत वेगळी आहे.

शोरूममध्ये सांगितला तो फ्लॅट दर. ८०,००० वर वर्षाला ८,००० प्रमाणे तीन वर्षांचं २४,००० व्याज आधीच काढलं, मुद्दलात मिळवलं आणि ३६ ने भागलं. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण ८०,००० वर चालतं. घटत्या शिलकीवर (रिड्यूसिंग पद्धतीने) मोजलं तर हेच व्याज जवळजवळ १७.९ टक्के होतं. बँकेचे १२ टक्के घटत्या शिलकीवर असतील तर हप्ता साधारण २,६५७ बसतो. महिन्याचा फरक २३२ रुपये, तीन वर्षांत सव्वाआठ हजारांच्या वर. गाडीच्या भावात मोठ्या मुश्किलीने वाचवलेले पैसे इथेच परत जातात.

त्यात प्रोसेसिंग फी, कागदपत्रांचा खर्च, कर्जदाराचा विमा असं काही कापलं जात असेल तर दर आणखी चढतो. समजा ३,५०० कापले आणि गाडीकडे ७६,५०० च वळते झाले, पण हप्ता तोच राहिला, तर खरा दर २१ टक्क्यांच्या वर जातो. पहिला हप्ता आगाऊ घेतला की त्यात अजून भर.

फ्लॅट-रिड्यूसिंगच्या या घोळातून सुटायचा सोपा मार्ग आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ कर्जाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावंच लागतं. त्यात एपीआर नावाचा एक आकडा असतो, सगळे आकार धरून पडणारा वार्षिक दर. शोरूमचं आणि बँकेचं ते पत्रक शेजारी ठेवा आणि फक्त एपीआर ताडून बघा. सही करण्याआधी मागा.

उसाच्या बिलाचं म्हणाल, तर मुदतीआधी कर्ज फेडल्यास किती टक्के आकार लागेल आणि किती हप्ते भरल्याशिवाय फेडता येणार नाही, हे त्याच पत्रकात शोधा. गाळपाच्या हंगामात पैसा येणाऱ्याला ही अट व्याजाइतकीच महत्त्वाची आहे. कर्ज फिटलं की ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवा. हे राहून गेलं तर पाच-सात वर्षांनी गाडी विकताना अडतं.

प्रश्न : विमा बाहेरून घेतला तर कॅशलेस मिळणार नाही आणि वॉरंटी जाईल, असं सांगतात. खरं का? (होटगी रोड)

दोन्ही खोटं. कॅशलेस मिळणं हे विमा कंपनीचं त्या वर्कशॉपशी जोडकाम आहे की नाही यावर ठरतं, पॉलिसी कोणी विकली यावर नाही. वॉरंटी उत्पादक देतो, तिचा विम्याशी संबंध नाही.

बाहेरून घ्यायचा तर क्रम असा ठेवा. गाडी तुमच्या नावाने लावली गेली की विक्रेत्याकडून चासी नंबर, इंजिन नंबर आणि प्रोफॉर्मा बिल घ्या. त्यावरून पॉलिसी काढा : पाच वर्षं थर्ड पार्टी, एक वर्ष ओडी. नंबरातलं एक अक्षर चुकलं तरी नोंदणी अडकते, म्हणून दोनदा ताडा. पासिंगची फाइल जाण्याआधी प्रत विक्रेत्याला द्या. कधी विक्रेता म्हणतो, विमा आमच्याकडे घेतला तरच तीन हजारांची सूट. मग तत्त्वाला चिकटून बसू नका, दोन्ही मार्गांची अंतिम बेरीज करा आणि कमी ती घ्या.

जुनी दुचाकी विकून नवी घेत असाल आणि जुनीवर क्लेम घेतलेला नसेल, तर नो क्लेम बोनस तुमच्यासोबत येतो. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. जुन्या विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं की नव्या गाडीच्या ओडी हप्त्यात २० ते ५० टक्के कपात मिळते. पत्र तीन वर्षं चालतं.

प्रश्न : आमचं गाव सीमेवर आहे. विजापूर किंवा कलबुर्गीला गाडी थोडी स्वस्त मिळते म्हणतात. तिकडून आणावी का? (अक्कलकोट तालुका)

आणू नका. जीएसटी देशभर एकच आहे. एक्स-शोरूममध्ये थोडाफार फरक पडतो तो वाहतुकीचा. तुमचं राहणं महाराष्ट्रात असल्यामुळे नोंदणी आणि कर इथलाच. तिकडच्या विक्रेत्याकडून तात्पुरती नोंदणी घेऊन गाडी आणायची, मग फॉर्म २० (नोंदणीचा अर्ज), २१ (विक्रीचा दाखला), २२ (गाडी रस्त्यायोग्य असल्याचा दाखला) आणि विमा घेऊन इथल्या आरटीओत स्वतः फिरायचं. एवढ्या हेलपाट्यात फरक फिटत नाही. नातेवाइकाच्या पत्त्यावर केए म्हणजे कर्नाटकचा नंबर काढून गाडी इथे चालवणं तर अजिबात नको. १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो आणि कर इथेही भरावा लागतो.

राज्यातल्या राज्यात मात्र तुम्ही मोकळे आहात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर राज्यातल्या कोणत्याही आरटीओकडे नोंदणी करता येते. तेव्हा लातूर किंवा पुण्याचं कोटेशन जरूर मागवा, निदान सोलापूरच्या टेबलावर ठेवायला तरी उपयोगी पडतं.

प्रश्न : माझी २०१४ ची गाडी एक्स्चेंजमध्ये २२,००० ला घेतो म्हणाले, बाहेर १८,००० मिळतात. द्यावी का? (बार्शी)

आधी नव्या गाडीचा अंतिम भाव एक्स्चेंजचा शब्दही न काढता ठरवा आणि लिहून घ्या. मग जुनी गाडी दाखवा. नव्या गाडीवरची पाच हजारांची सूट काढून घेऊन तीच जुन्या गाडीच्या भावात मिळवली, तर २२,००० चे खरे १७,००० च होतात. दोन आकडे मागा : एक्स्चेंजसह आणि एक्स्चेंजविना. दोन्हींतला फरक, तोच तुमच्या जुन्या गाडीचा खरा भाव.

तो १८,००० च्या आसपास आला तर शोरूमला देणं सोयीचं आहे, पण नाव बदलाची जबाबदारी कागदावर घ्या. नाव बदलाचे फॉर्म २९ आणि ३० कोरे सही करून देऊ नका. घेणाऱ्याचं नाव आणि तारीख भरलेली हवी. गाडी ताब्यात दिल्याची वेळेसह पोच घ्या. त्यानंतर अपघात झाला किंवा चलन फाटलं तर आरसीवरचं नाव अजून तुमचंच असतं, तेव्हा हीच पोच कामाला येते. महिन्याभरात एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते पाहा.

तुमची गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, म्हणून तिला एचएसआरपी लागेल. नसेल तर नाव बदलाचं काम अडतं. महाराष्ट्रात दुचाकीला त्याचे ४५० रुपये अधिक जीएसटी आहेत. थकलेली ई-चलनंही आधी भरून टाका, नाहीतर त्यांच्या नावाखाली भावात त्याहून जास्त कापलं जातं.

प्रश्न : जानेवारीत गाडी घ्यायची आहे. शोरूममध्ये गेल्या ऑगस्टमध्ये बनलेली गाडी उभी आहे, दोन हजार सूट देतो म्हणतात. घ्यावी का? आणि स्वस्त पडायचा काळ कोणता? (पंढरपूर)

दोन हजारांत नको. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. पुढे विकताना ती गाडी एक वर्ष जुनी धरली जाईल. आमच्या मते अशा गाडीवर एक्स-शोरूमच्या पाच-सहा टक्के तरी सुटायला हवेत, म्हणजे ९०,००० च्या गाडीला साडेचार ते साडेपाच हजार, इतर सूट वेगळी. तेवढे मिळाले आणि तुम्ही गाडी दहा वर्षं वापरणार असाल तर खुशाल घ्या, विकताना वर्षाचा फरक तोवर पुसट होतो. वॉरंटी सहसा विक्रीच्या तारखेपासून मोजतात, ती बिलावर लिहून घ्या.

पण पाच महिने उभ्या गाडीची बॅटरी तपासायला हवी. उभी बॅटरी आपोआप उतरते, आणि पत्र्याच्या गोदामातल्या उष्णतेत लवकर उतरते. बराच काळ उतरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो आणि मग चार्ज करूनही ती पूर्वीइतकी धारण करत नाही. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर सकाळी मल्टिमीटर लावायला सांगा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर चांगली, १२.४ च्या खाली असेल तर चार्ज करून दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, तरीही खाली आली तर बदलून मागा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात : ३२२५ म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा. गाडी नवी सांगून टायर वर्षभर जुने असतील तर तिथेच विचारा.

काळाचं म्हणाल तर महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस बरे, कारण विक्रेत्याला कंपनीने दिलेला आकडा गाठायचा असतो. पितृपंधरवड्यात आणि अधिक महिन्यात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा ठरवलेला भाव चांगला निघतो. पाळणाऱ्यांनी त्या दिवसांत भाव ठरवून बुकिंगची पावती करावी आणि गाडी पुढच्या मुहूर्ताला उचलावी. डिसेंबरचा शेवट आणि जानेवारीत सोलापूरची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते तोवरचा काळ मागच्या वर्षीचा माल काढण्याचा असतो. दसरा, दिवाळी पाडवा आणि गुढीपाडव्याला योजनांचे फलक मोठे असतात, पण गर्दीमुळे विक्रेत्याला स्वतःच्या पदरचं काही सोडायची गरज पडत नाही.

प्रश्न : पाडव्याला गाडी घरी आणायची आहे. उचलताना काय काय पाहायचं? (सात रस्ता)

पाडव्याच्या दिवशी काही पाहता येत नाही. हार, नारळ, फोटो, मागे रांग. पाहायचं ते आठ दिवस आधी, आणि मुख्य म्हणजे पासिंगच्या आधी. नोंदणी झाली की तो चासी नंबर तुमच्या नावावर पक्का झाला. मग टाकीवर पोचा सापडला तरी गाडी बदलून मिळत नाही, फक्त दुरुस्ती मिळते. म्हणून बुकिंगच्या वेळीच सांगा : “गाडी लावली की चासी नंबर कळवा, मी येऊन बघेन, त्यानंतर उरलेले पैसे आणि पासिंग.”

दिवसाच्या उजेडात जा, गाडी धुतलेली नसली तरी चालेल. हँडलखालच्या फ्रेमवरचा चासी नंबर आणि इंजिनवरचा नंबर बिलाशी अक्षर न अक्षर ताडा. मीटरवर पाच-सात किलोमीटरपर्यंत ठीक, ४० दिसले तर ती टेस्ट राइडची किंवा दुसऱ्या गावाहून चालवत आणलेली गाडी आहे, दुसरी मागा. टाकी तिरप्या नजरेने पाहा, म्हणजे पोचा आणि परत मारलेला रंग दिसतो. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ, इंजिनच्या सांध्यांवर ओल, नट-बोल्टच्या डोक्यांवर पाना घसरल्याच्या खुणा शोधा. डिस्कवर पातळ गंज असेल तर तो चार ब्रेक मारल्यावर जातो, खड्डे पडलेला जात नाही. गाडी सुरू करून सगळे दिवे, हॉर्न, इंडिकेटर, साइड स्टँडचा स्विच आणि मीटरवरचे इशारे बघा. हँडल सरळ धरून पुढचं चाक सरळ आहे ना, तेही पाहा. क्रेटमधून काढून जोडताना हँडल वाकडं बसणं ही नेहमीची चूक आहे. चेन मध्यावर वर-खाली साधारण २० ते ३० मिलिमीटर हलावी, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. फार ताणलेली चेन नव्या गाडीचा स्प्रॉकेट आणि बेअरिंग लवकर खाते.

उचलायच्या दिवशी हे हातात हवं : जीएसटी बिल, कर भरल्याची पावती, विमा पॉलिसी, फॉर्म २१ आणि २२ च्या प्रती, वॉरंटी आणि सर्व्हिसची पुस्तिका, दोन चाव्या, टूलकिट, हेल्मेट. नोंदणीशिवाय, निदान तात्पुरत्या नोंदणीशिवाय, विक्रेत्याने गाडी ताब्यात द्यायची नाही असं नियम ४२ सांगतो. “चार दिवस अशीच चालवा, नंबर येईल” हे ऐकू नका. त्या चार दिवसांत अपघात झाला तर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. आणि गाडी निघते तेव्हा टाकीत जेमतेम पंपापर्यंत पुरेल एवढंच पेट्रोल असतं, वाटेतला पहिला पंप आधी ठरवून ठेवा.

प्रश्न : ३५० सीसीची बुलेट घ्यायची आहे. सगळी रक्कम रोख दिली तर जास्त सूट मिळेल का? (विजापूर रोड)

दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका व्यवहारात घ्यायला आयकर कायद्याने मनाई आहे, आणि तुमची गाडी रस्त्यावर येईपर्यंत त्या आकड्याच्या आसपास किंवा पुढे जाते. दंड घेणाऱ्याला असतो, त्यामुळे चांगला विक्रेता घेणारच नाही. रोखीने सूट वाढते हा समजही जुना झाला. कर्ज लावून दिल्यावर विक्रेत्याला फायनान्स कंपनीकडून काही मिळतं, ते रोखीत मिळत नाही.

तुमच्या हिशेबासाठी : इंजिन ३४९ सीसीचं असल्याने जीएसटी १८ टक्केच, पण एकरकमी कर १२ टक्के, आणि पाच वर्षांचा थर्ड पार्टी ७,३६५, जीएसटीसह ८,६९१. पैसे विक्रेत्याच्या फर्मच्या खात्यावर थेट बँकेतून किंवा धनादेशाने द्या. सेल्समनच्या स्वतःच्या मोबाइलवरच्या यूपीआयला बुकिंगचे पाचशे रुपयेही पाठवू नका.

प्रश्न : बुकिंगचे ५,००० भरले, आता दुसरीकडे कमी भाव मिळतोय. पैसे परत देत नाहीत. (मुरारजी पेठ)

पावती पाहा. ‘रक्कम परत मिळणार नाही’ असं त्यावर छापलेलं नसेल आणि गाडीचं बिल अजून निघालेलं नसेल, तर बुकिंग रद्द करत असल्याचं लेखी द्या, शिक्क्याची पोच घ्या, आणि खात्यावर पैसे जमा करायला १५ दिवसांची मुदत लिहा. दिले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र त्याआधी ते दुसरं कोटेशन घेऊन याच विक्रेत्याकडे एकदा जा. बुकिंग झालेलं गिऱ्हाईक हातचं सोडण्यापेक्षा भाव जुळवून देणं त्याला परवडतं.